मनी प्लांटची कुंडी पावसाळ्यात बदलू का? किती मोठी घेऊ? सासूबाई म्हणतात, लक्ष्मी हलते

भोकातून मुळं बाहेर लोंबताहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे कुंडी बदलायची वेळ कधीच होऊन गेली. बदला. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये झाड घरात आहे, त्याच्यावर काही पागोळ्या पडत नाहीत. राहता राहिला सासूबाईंचा मुद्दा. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय.

आमचं मूळ घर गोव्यात, डिचोली तालुक्यात. तिथे हॉलच्या आग्नेय कोपऱ्यात मनी प्लांट होता. कोपरा वास्तूवाल्याने ठरवलेला, देखभाल थोरल्या जाऊबाईंची. देखभाल म्हणजे सकाळी तांब्याभर पाणी आणि संध्याकाळी उदबत्ती. वेल भिंतभर फिरवलेली, पण पानं दरवर्षी आणखी लहान आणि पिवळी. घातलेलं पाणी लगेच खालच्या बशीत उतरायचं, कारण आत माती उरलीच नव्हती, नुसती मुळांची गुंडाळी. मी म्हणायचे, "वहिनी, कुंडी बदलूया." त्या म्हणायच्या, "दृष्ट लागलीय गं, मीठ-मिरच्या ओवाळून टाकते."

२०१२ साली भाद्रपद अधिक आला आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, १९ सप्टेंबरपर्यंत लांबली. आम्ही साफसफाईला आधीच घरी गेलो होतो. जाऊबाई माहेरी गेल्या तशी मी पडवीत गोणपाट अंथरलं. झाड कुंडीतून सुटेना, शेवटी कुंडीच फोडली. मुळांचे वेढे बोटांनी सैल केले, काळी बुळबुळीत झालेली कापून टाकली आणि दोन इंच मोठ्या कुंडीत झाड लावलं. जाऊबाई परत आल्या, बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "अधिक महिन्यात कसली गं ही उलथापालथ?"

१० सप्टेंबरला सरकारने राज्यातलं खाणकाम थांबवलं. मोठ्या दिरांचे ट्रक खनिज वाहतुकीला. पावसात ते तसेही उभेच असतात, पण ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली आणि पाऊस गेल्यावरही ते दारातच राहिले. खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, बेकायदा उत्खनन, सगळं रोज पेपरात येत होतं. आमच्या घरात मात्र कारण एकच: धाकटीने मनी प्लांटची कुंडी फोडली. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर फळंभाज्या टांगतात ती), आरती आटोपल्यावर, जमलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर हे बोलून झालं. पुढे बँकेचे हप्ते थकले तेव्हाही तेच. ट्रकवाल्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यात थट्टा नाही. पण डिचोलीपासून सांगे तालुक्यापर्यंत खाणींचा अख्खा पट्टा बसला होता, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन काही मी कुंड्या फोडल्या नव्हत्या.

झाडाने दिवाळीपर्यंत नवी पानं काढली, जुन्यापेक्षा मोठी. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

२०१४ मध्ये न्यायालयाने बंदी उठवली. मग २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद. त्या वर्षी कुंडीला कोणाचंही बोट लागलेलं नव्हतं! हे मी घरात विचारलं, तर विषय सोलकढीवर गेला.

मुळात ही वेल प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची. तिला ना आपली आग्नेय दिशा ठाऊक ना आपला जमाखर्च. गोव्यात कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, कोणी तिची कांडी फेकली की ती माडावर, आंब्यावर चढते आणि पानं सुपाएवढी होतात. तिथे कोण उदबत्ती लावतं?

आता कुंडी. आहे त्याहून दोन इंच रुंद, बस्स. हौसेने एकदम मोठी घेऊ नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते, आणि आपल्या दमट हवेत ती वाळायचं नाव घेत नाही, मुळं कुजतात. चिनी मातीच्या बिनभोकाच्या कुंड्या भेट देणाऱ्यांना परत द्याव्यात असं माझं मत आहे. नुसती तांबडी माती भरू नका, उन्हाळ्यात ती चिऱ्याच्या दगडासारखी कडक होते. अर्धी माती, बाकी कुजलेलं शेणखत, जाड रेती आणि नारळाच्या सोडणाचे भिजवलेले तुकडे. भोकावर फुटक्या नळ्याचा (कौलाचा) तुकडा ठेवा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी, पुढचं पाणी वरची माती बोटाला कोरडी लागेल तेव्हाच. महिनाभर खत नको.

हो, एक राहिलंच. झाड उघड्या बाल्कनीत झोडपून भिजत असेल तर वर लिहिलेलं विसरा आणि पावसाचा जोर ओसरेपर्यंत थांबा. चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, हातमोजे घाला. मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेल उंच टांगा, पान चावलं तर तोंडाची आग होते. बशीतलं पाणी रोज ओता, डासांना तेवढं पुरतं.

वेल छाटाल तेव्हा प्रत्येक तुकड्याला एक तरी पेर ठेवा आणि ते पाण्यात बुडवा. मुळं फुटली की वेगळ्या कुंडीत लावा. मनी प्लांट दुसऱ्याला दिला की पैसा जातो असंही सासूबाई सांगतील. आमच्याकडेही सांगत. मी आजवर मागेल त्याला दिलाय, आणि जाऊबाईंच्या सुनेने गेल्या वर्षी माझ्याकडूनच नेला.