पहिलंच गॅस सिलिंडर आलंय? मग एवढं सांभाळा

घाबरू नका, चार सवयी लागल्या की हात बसतो.

सिलिंडर आणणारा दारात आहे तोवरच सील तपासा, झाकण काढून वॉल्व्हमधला रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघा. मग वरच्या कड्याखालच्या पट्टीवरचं अक्षर वाचा. 'बी २८' म्हणजे एप्रिल ते जून २०२८ पर्यंत चाचणीची मुदत. मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊच नका, बिनधास्त परत करा.

आता नवीन माणसं हमखास करतात त्या चुका:

- गॅसचा वास आला की एक्झॉस्ट फॅन लावणं. ही सगळ्यात घातक. बटण चालू करा की बंद, ठिणगी पडू शकते. बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडून १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालतो.
- काडी पेटवून गळती शोधणं. साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की कळतंच.
- सिलिंडर बंद कपाटात किंवा आडवं ठेवणं. हा गॅस हवेपेक्षा जड, फरशीलगत साचतो. सिलिंडर उभंच हवं, शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर.

नळी आयएसआय मार्कचीच घ्या, पाच वर्षांनी बदला, चीर दिसली तर लगेच. तिच्यावर फडकं गुंडाळू नका, भेग दिसत नाही.

रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. आमच्याकडे दूध झाकलं की लगेच तिकडे हात जातो.