कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी टिझानिडीन दिलंय, गोळी घेऊन बाइक चालवली तर चालेल का?
नको. टिझानिडीन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने गुंगी येते आणि रक्तदाबही उतरतो. पलंगावरून झटकन उठलात तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. पाय खाली सोडून जरा बसा, मग उठा. दारू अजिबात नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) हे अँटिबायोटिक चालू असेल तर टिझानिडीन घेऊच नका, डॉक्टरांना लगेच सांगा. दोन्ही एकत्र घेतली तर टिझानिडीनचं रक्तातलं प्रमाण जवळपास दहापट वाढू शकतं. घरात सिप्रोची उरलेली स्ट्रिप असते ना, धोका तिथेच! टिझानिडीनच्या स्ट्रिपची मागची बाजूही वाचा: आपल्याकडे याच गोळीत बऱ्याचदा अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल असतं, वरून वेगळी पेनकिलर नको. बरेच दिवस घेत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, रक्तदाब उसळू शकतो.