रेफरन्स लिस्टसाठी पेपर परत आला, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी बॉटनीत पीएच.डी. करतेय. पहिलाच पेपर पाठवला आणि नऊ दिवसांत परत आला, रिव्ह्यूला गेलाच नाही. एका ओळीत लिहिलंय की रेफरन्सेस जर्नलच्या फॉरमॅटमध्ये नाहीत. एकूण ६२ आहेत, सगळे हाताने टाइप केलेले. मी नाव आणि वर्ष असं दिलं होतं, यांना नंबर हवेत. सर म्हणतात आज रात्री बसून बदलून टाक. खूप रडू आलं. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अगं, आधी डोळे पूस. पेपर नाकारलेला नाही, तुझं संशोधन अजून कुणी वाचलेलंच नाहीये, ऑफिसातल्या पहिल्या तपासणीत अडकलाय एवढंच, आणि हे पुष्कळांचं होतं.

नंबर हवेत म्हणजे बहुतेक व्हँकूवर पद्धत. १९७८ साली मेडिकल जर्नल्सचे काही एडिटर कॅनडात व्हँकूवरला जमले आणि मॅन्युस्क्रिप्ट कसं असावं यावर एकमत केलं, तिथून हे नाव पडलं. यात जो पेपर मजकुरात पहिल्यांदा येतो तो १, पुढचा २, आणि एकदा मिळालेला नंबर तोच शेवटपर्यंत, लिस्ट एबीसीडीप्रमाणे लावायचीच नाही. फक्त टेबलमध्ये येणारा रेफरन्स असेल तर मजकुरात त्या टेबलचा पहिला उल्लेख जिथे आहे तिथला नंबर त्याला मिळतो, इथे खूपजण चुकतात. तरी जर्नलचं ऑथर्ससाठीचं पान उघडून त्यांच्याच ताज्या अंकातला एखादा पेपर शेजारी ठेव, कारण प्रत्येक जर्नल थोडा थोडा बदल करतंच.

पण आज रात्री हाताने बदलायला बसू नकोस, हे मी कळकळीने सांगतेय. माझ्याकडे एकदा एक मॅन्युस्क्रिप्ट तपासायला आलं होतं, नंबर सगळे हाताने टाकलेले. शेवटच्या क्षणी प्रस्तावनेतला एक पॅरा उडवला आणि त्याच्यासोबत १४ नंबरचा रेफरन्स गेला, लिस्टमधून तो काढला तर खालचे सगळे एकेक वर सरकले, मजकुरातले आकडे मात्र होते तिथेच राहिले. जमिनीतल्या क्षारांबद्दलचं वाक्य, आणि त्याच्यापुढचा नंबर बघितला तर बियांच्या उगवणीचा पेपर! पुढची चाळीसेक वाक्यं अशीच भलत्या पेपरकडे बोट दाखवत होती. दिसायला फॉरमॅट अगदी चोख होता.

म्हणून दोन दिवस घे आणि झोटेरो हे रेफरन्सेस सांभाळणारं सॉफ्टवेअर शिक. फुकट आहे, २००६ पासून आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीत सुरू झालं. पेपरचा डीओआय, म्हणजे त्या पेपरची कायमची ओळख असलेला, १० ने सुरू होणारा नंबर, कॉपी करून टाकलास की नाव, वर्ष, व्हॉल्यूम, पानं सगळं आपोआप येतं. मग वर्डमध्ये जिथे जिथे रेफरन्स द्यायचाय तिथे प्लगिनमधून टाकायचा. उद्या दुसऱ्या जर्नलला पाठवायची वेळ आली तर स्टाइल बदलायची की ६२ च्या ६२ बदलतात, पॅरा उडवला तरी नंबर आपले आपण सरकतात. सबमिट करताना प्लगिनने टाकलेले कोड काढून साधा मजकूर करायला सांगितला तर आधी फाइलची कॉपी ठेव, नंतर ते जोडता येत नाही.

आता तुझ्या विषयातली खास गोष्ट. झाडांची शास्त्रीय नावं टायटलमध्ये तिरकी हवीत, ती झोटेरोमध्ये आपोआप होतीलच असं नाही, टायटलच्या रकान्यात नावाच्या आधी <i> आणि नंतर </i> असा टॅग घालावा लागतो. टायटलमधली सगळी कॅपिटल अक्षरं छोटी करताना बहाव्याच्या कॅसिया फिस्टुलामधला पहिला सी सुद्धा कधी कधी छोटा होतो, तो परत मोठा कर. डीओआयवरून आलेली माहितीही कधी अर्धवट असते, पानं नसतात, नाव आडनावाच्या जागी गेलेलं असतं. आपल्याकडे तर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम, आणि दक्षिणेतल्या कितीतरी लोकांना आडनावच नसतं, त्यामुळे मूळ पेपरवर ऑथरने स्वतः कसं लिहिलंय ते बघूनच ठरव.

आणि प्रत्येक पेपर उघडून बघ गं, दुसऱ्याच्या लिस्टमधून उचलू नकोस. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एका गाजलेल्या पेपरची सायटेशन्स, म्हणजे इतरांनी आपल्या लिस्टमध्ये दिलेल्या त्याच्या नोंदी, तपासली होती, ४३०० च्या आसपास. त्यातल्या १९६ मध्ये छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५, आणि पान नंबरची एकच चूक ७८ वेळा आलेली! म्हणजे ७८ ठिकाणी तोच चुकीचा आकडा, एकाचं बघून दुसऱ्याने. रेफरन्स म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला पत्ता आहे, स्वल्पविराम चुकला तर एडिटर सांगतो, पण पत्ता चुकला तर तुझ्यावर विश्वास ठेवून निघालेला माणूस भलत्याच दारात उभा राहतो.

प्रश्न : रेफरन्सेस मी एआयकडून फॉरमॅट करून घेतले. दोन लिंक उघडतच नाहीत. बाकीचे ठीक दिसतात. ते दोन काढून टाकले तर चालेल ना?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही चालणार. लिंक उघडत नाहीत म्हणजे ते दोन बनावट असू शकतात, आणि मग उरलेल्यांवरही भरवसा ठेवता येत नाही, कारण एआय खरे ऑथर, खरं जर्नल आणि न लिहिलेला पेपर असं मिश्रण बेमालूम करतं. प्रत्येकाचा डीओआय टाकून बघा, आणि उघडलेल्या पानावर तोच पेपर आहे का हेही बघा. आणि ज्या वाक्यांना त्या दोन रेफरन्सेसचा आधार दिला होता त्यांचं काय? खरा आधार शोधा, नाही मिळाला तर वाक्य काढा.

हे एआयच्या आधीही झालंय. एका मोठ्या प्रकाशकाच्या ऑथर्ससाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून व्हान डर गीर आणि दोघांच्या नावाने, २००० साल, व्हॉल्यूम १६३, पान ५१ ते ५९ असा एक रेफरन्स दिला होता, फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम कुठे ते दाखवायला. असा पेपर कधी लिहिलाच गेला नव्हता, तरी पुढे तो शेकडो पेपर्सच्या लिस्टमध्ये सापडला! नमुन्यावर आपली नोंद टाइप करायची आणि नमुना पुसायचा राहून जायचा, असं बऱ्याच ठिकाणी झालं असावं. म्हणून लिस्टची पहिली आणि शेवटची नोंद मुद्दाम बघा.

सगळं करताय तर कुठला पेपर मागे घेतलाय का तेही तपासा. लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला १९९८ चा एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला. झोटेरोमध्ये असा पेपर असेल तर लाल पट्टी येते.

प्रश्न : इंग्रजी जर्नलच्या पेपरमध्ये मराठी पुस्तकाचा संदर्भ कसा द्यावा?
— एक प्राध्यापिका, पणजी

उत्तर : एपीए, म्हणजे नाव आणि वर्ष देणारी पद्धत, मागितली असेल तर पुस्तकाचं नाव रोमन लिपीत जसंच्या तसं लिहा, आणि लगेच चौकोनी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर. व्हँकूवर असेल तर शेवटी भाषा मराठी असंही नोंदवा. लेखकाचं नाव रोमनमध्ये त्यांनी स्वतः जसं लिहिलं असेल तसंच ठेवा, आणि एकदा जे स्पेलिंग घेतलं ते पूर्ण पेपरभर तेच.