रत्नागिरीत मासे वाहणाऱ्या जुन्या पिकअपचा सायलेन्सर सारखा सडतो. आता बदलतोच आहे तर मोठ्या पाइपचा बसवू का?

मोठा नको, आहे त्याच मापाचा, पण ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा करून घ्या. टर्बो नसलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला रुंद पाइपने ताकद फारशी मिळत नाही, आवाज तेवढा वाढतो. तुमचं खरं दुखणं गंज आहे. खारी हवा आहेच, त्यात मिरकरवाडा बंदरात भरलेल्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी तापलेल्या पाइपवर ठिबकत राहतं. आतूनही तेच: डिझेल जळताना पाण्याची वाफ होते, आणि बंदर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच साचतं. म्हणून तर डब्याच्या तळाला बारीक भोक ठेवलेलं असतं. गळतंय म्हणून ते वेल्डिंगने बुजवू नका (बरेच जण हौसेने बुजवतात).

४०९ ग्रेडचं स्टेनलेस स्वस्त पडतं, पण त्यात गंज रोखणारं क्रोमियम जेमतेम ११ टक्के. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के, वर ८ टक्के निकेल. दुकानात चुंबक लावून बघा: ४०९ ला घट्ट चिकटतं, ३०४ ला जवळजवळ नाहीच. साध्या लोखंडी फ्लँजला (पाइप जोडायच्या बोल्टच्या चकतीला) जोडताना वेल्डरकडून ३०९ ग्रेडची वेल्डिंग रॉड वापरून घ्या, नाहीतर जोडावरच तडा जायची भीती.

मात्र गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असेल तर तो काढायचा नाही. धुराची किंवा आवाजाची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.