एएफएल फँटसीत नवीन आहेस? आधी एवढंच बघ

आलास ते बरं केलंस, मजा येईल. एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग, आणि फँटसी म्हणजे तिच्यातले खरे प्लेअर घेऊन आपली टीम लावायची, ते मॅचमध्ये जे करतात त्याचे आपल्याला पॉइंट. नवीन लोकांची पहिली चूक म्हणजे मागच्या सीझनचे अवॉर्ड बघून टीम लावणं. ब्राउनलो (सर्वोत्तम प्लेअरचं मेडल) अंपायरच्या ३-२-१ मतांवर ठरतं, कोलमन (सर्वाधिक गोलांचं मेडल) फक्त गोलांवर, आणि फँटसीत किक ३, मार्क (किकचा बॉल हवेत झेलणं) ३, हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) २, टॅकल ४, गोल ६ असा हिशोब आहे. २० किक, १० हँडबॉल, ४ मार्क, ३ टॅकल म्हणजे एकही गोल न मारता १०४ झाले बघ!

मग नियम बदलले की फायदा कोणाचा ते शोध. २०१९ पासून किक-इनला (समोरच्या टीमचा एक पॉइंट झाल्यावर गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करताना) स्वतःकडे किक न मारता थेट गोलसमोरच्या स्क्वेअरबाहेर पळता येतं आणि तशी किक मोजली जाते, त्यामुळे किक-इन घेणारा डिफेंडर मला कायम हवाच असतो.

बाकी,
- कॅप्टनचे पॉइंट डबल, तिथे प्रयोग नको
- स्वस्त रुकी (नवखा प्लेअर) घे पण खेळणारा घे, खऱ्या मॅचमध्ये न उतरता किंमत वाढत नाही
- एका खराब मॅचवरून चांगला प्लेअर विकू नकोस, ट्रेड (प्लेअर बदलायची मोजकी संधी) वाया जातो

बाय राउंडचं (काही टीमना सुट्टी असते तो आठवडा) गणित आत्ता डोक्यात घेऊच नकोस, तोपर्यंत दर आठवड्याला टीम जाहीर झाल्यावर आपली नावं तपासून घे.