स्वभावाला औषध नाही, हे खरे का?

प्रश्न : माझ्या वडिलांचा तापटपणा माझ्यात पुरेपूर उतरला आहे. गेली काही वर्षे मी नियमाने ध्यानाला बसते. कार्यालयात मला चिडलेले कोणी पाहिलेले नाही. घरी मात्र मुलाच्या अभ्यासावरून पाहता पाहता आवाज चढतो आणि मग रात्रभर वाईट वाटत राहते. ‘स्वभावाला औषध नाही’ हेच खरे मानावे, की प्राचीन दर्शनांत यावर काही विचार झाला आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : या म्हणीला मोठे पाठबळ आहे. प्राणी आपापल्या प्रकृतीच्याच मागे जातात, तिथे निग्रह काय करणार, असे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात श्रीकृष्णच विचारतात. मात्र लगेच पुढच्या श्लोकात राग (म्हणजे इथे आसक्ती) आणि द्वेष यांच्या ताब्यात जाऊ नये, असेही बजावतात. दडपल्याने स्वभाव बदलत नाही, पण म्हणून त्याच्या अधीन होणे अटळ ठरत नाही. मग करायचे काय, याचा बारकाईने विचार पतंजलींच्या योगसूत्रांत आणि त्यांवरील व्यासभाष्यात सापडतो.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे प्रकरणात, ५ क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, सांगितले आहेत. अविद्या, म्हणजे अज्ञान, ही बाकीच्यांची भूमी. तिच्यावर वाढणाऱ्या अस्मिता म्हणजे मीपणा, राग म्हणजे आसक्ती, द्वेष आणि अभिनिवेश म्हणजे जगण्याची चिवट ओढ या चौघांच्या प्रसुप्त, तनू, विच्छिन्न आणि उदार अशा ४ अवस्था असतात. प्रसुप्त म्हणजे बीजरूपाने निजलेला आणि उदार म्हणजे उघडपणे प्रकटलेला, हे सहज कळते. आपल्या प्रश्नाचे मर्म विच्छिन्न अवस्थेत आहे. एक क्लेश जोरात असताना दुसरा खंडित होतो, आसक्तीच्या वेळी क्रोध दिसत नाही, असे सांगून भाष्यकार पुढे म्हणतात की चैत्र नावाचा कोणी एका स्त्रीवर अनुरक्त असला म्हणून इतर स्त्रियांविषयी तो विरक्त ठरत नाही. कार्यालयातील आपल्या शांतपणाकडेही याच दृष्टीने पाहावे, असे मी सुचवीन. तिथे नावलौकिकाची ओढ किंवा वरिष्ठांची भीती क्रोधाला वाट देत नसेल, तर तो संपलेला नाही. जिथे आपला अधिकार चालतो आणि उलट उत्तराची धास्ती नसते, तिथे तो प्रकटतो.

विच्छिन्न क्लेश आपोआप ओसरत नाही. तो तनू, म्हणजे क्षीण, करावा लागतो आणि त्यासाठी प्रतिपक्षभावना, म्हणजे विरुद्ध विचार जाणीवपूर्वक मनात आणणे, सांगितली आहे. वृत्तींतून, म्हणजे मनाच्या हालचालींतून, संस्कार, म्हणजे मनावरचे ठसे, आणि संस्कारांतून पुन्हा तशाच वृत्ती, असे हे चक्र अखंड फिरत असल्यामुळे प्रत्येक भडका पुढच्या भडक्याची तयारी करून ठेवतो, आणि प्रत्येक वेळी आवरलेली वाणीही आपला ठसा मागे ठेवते. अभ्यास, म्हणजे इथे साधनेचा सराव, दृढ होण्यासाठी दीर्घकाळ, सातत्य आणि आदर या तिन्हींची गरज सूत्रकार सांगतात, दिवसांचा आकडा मात्र देत नाहीत. एकवीस दिवसांत स्वभाव पालटण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपेक्षा मला हे मौन अधिक प्रामाणिक वाटते. मात्र भाजलेल्या बीजासारखी क्लेशांची शक्तीच जळून जाणे ही सिद्ध योग्याची अवस्था आहे. आपण क्षीणतेपर्यंत पोहोचलो तरी घरातल्यांना पुष्कळ दिलासा मिळेल.

प्रतिपक्षभावनेत नेमके काय पाहायचे, हेही तिथे आहे. उदाहरण हिंसेचे घेतले आहे. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली किंवा नुसती अनुमोदिलेली असते. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो. आणि तीव्रतेचे भेद धरून भाष्य तिचे ८१ प्रकार मोजते. यांतील मोहमूलक हिंसेचे उदाहरण फार बोचरे आहे : ‘यामुळे मला धर्म लाभेल’ अशा समजुतीने केलेली हिंसा. मुलाच्या भल्यासाठीच ओरडले, हे वाक्य याच वर्गात बसते. आपण रात्री वाईट वाटून घेता, त्याऐवजी त्या वेळी हे समर्थन तपासावे. ओरडताना मुलाचे हित खरोखर किती डोळ्यांपुढे होते, त्याचे परीक्षेतले गुण इतरांना सांगताना वाटणारा संकोच किती होता आणि दिवसभर गिळलेला संताप किती होता, हे वेगवेगळे करून पाहिल्यास पुढच्या वेळी तेच समर्थन इतक्या सहजपणे हाताशी येणार नाही.