स्कर्व्हीवर (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजारावर) लिंबू-संत्र्याचा प्रयोग करणारा जेम्स लिंड कोण होता?

जेम्स लिंड हा एडिनबरोचा, जन्म 1716 चा. आधी एका सर्जनच्या हाताखाली उमेदवारी केली, मग 1739 मध्ये ब्रिटिश नौदलात शिरला.

त्याचं नाव झालं ते 1747 च्या मे महिन्यात, 'सॉल्सबरी' जहाजावर. स्कर्व्हीने हिरड्या सडलेले, अंगावर डाग उठलेले, गुडघ्यात जोर नसलेले बारा खलाशी त्याने निवडले. सगळ्यांना जेवण एकच, पण औषध दोघादोघांना वेगळं: कुणाला सायडर, कुणाला पातळ केलेलं गंधकाम्ल, कुणाला व्हिनेगर, कुणाला लसूण-मोहरीचं चाटण. एका जोडीच्या नशिबी तर चक्क समुद्राचं पाणी आलं! शेवटच्या जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. पण तोवर त्यातला एक कामावर जायला तयार होता आणि दुसऱ्याला बाकीच्यांच्या शुश्रूषेला लावलं होतं.

1748 मध्ये नौदल सोडून तो एडिनबरोत एमडी झाला. 1753 मध्ये स्कर्व्हीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत उरकलाय. वर रस आटवून साठवायचा सल्ला दिला. आटवताना त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

1758 पासून तो इंग्लंडमधल्या हासलरच्या नौदल रुग्णालयाचा मुख्य डॉक्टर होता. 1794 मध्ये वारला. खलाशांना लिंबाचा रस द्यायचा हुकूम निघाला 1795 मध्ये.